आधी माणूस ठरव

१

माझ्या सासरी नव्या वस्तू जुन्या करून देतात. लग्नाआधी हे मैत्रिणींना सांगितलं, तेव्हा एक म्हणाली, "मग सुनेचं काय करतात?" आम्ही सगळ्या पोट धरून हसलो होतो.

वस्तू म्हणजे रेल्वेगाड्या. वीतभर लांबीची इंजिनं आणि त्याहून जरा लांब डबे. शौकीन लोक ते चकचकीत कोरे पाठवतात आणि खोक्यात चिठ्ठी घालतात: 'बारा वर्षं धावलेली करा.' 'कोळसा वाहणारी गाडी. मालक कंजूष, कधी धुतलेली नाही.' माझे सासरे, म्हणजे बाबा, रेल्वेच्या कारखान्यात खऱ्या डब्यांना रंग देत होते. आत्याच्या मते तीस वर्षं जुने डबे नवे केल्याचं पाप दादा आता फेडतो आहे. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घर तीच चालवते, आणि तोंडही.

नवरा दुसऱ्या गावी, चार तासांवर. लग्न आणि नवी नोकरी एकदमच आली. तिथला फ्लॅट एक तारखेला ताब्यात मिळणार होता, आणि दुसऱ्या दिवशी मला तिथल्या दातांच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं. तोवरचे सात आठवडे सासरी. नवरा शनिवारी यायचा, रविवारी जायचा. उरलेले पाच दिवस आत्या मला 'नवरीबाई' म्हणायची आणि कुठल्याच कामाला हात लावू द्यायची नाही. "नव्याचे नऊ दिवस आहेत, भोगून घे. दहाव्या दिवशी भांडी तुझीच."

मला शांत मुलगी म्हणतात. पण शांत आहे ते फक्त तोंड. हातांना काम नसलं की मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते, पडदे सारखे करते, सारखे केलेले पडदे पुन्हा सारखे करते. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली, "अगं, तुझ्यामुळे मला गरगरायला लागलं. जा, वर जाऊन दादाला छळ."

वरच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत लाकडी पाट्यावर देखावा मांडलेला होता. स्टेशन, टेकडी, बोगदा, पाण्याची टाकी, मागे निळ्या आभाळाचा पडदा. मधोमध बाबा एका डब्यावर वाकले होते. ब्रश हातात होता, आणि हात थरथरत होता. ते ब्रश टेकवायला जात, थांबत, श्वास घेत, पुन्हा जात. आठ डब्यांची गाडी पुढच्या महिन्याच्या अखेरीला द्यायची होती. पहिला डबाच झाला नव्हता.

"बाबा, मी करू का?" मी म्हणाले.

त्यांनी ब्रश असा दिला की जणू मी विचारण्याचीच ते वाट बघत होते.

२

बाबांचा नियम एकच. आधी माणूस ठरव, मग झीज.

"धूळ कुठेही बसते," ते म्हणत. "तिला अक्कल नाही. झीज मात्र कुणीतरी असल्याशिवाय होत नाही. हे दार रोज कोण उघडतं? जाडा की बारीक? घाईत असतो का? दुसऱ्या हातात पिशवी आहे का? एवढं ठरलं की रंग कुठे उडाला असेल ते दार स्वतःच सांगतं."

मला हे नवं नव्हतं. माझ्या आधीच्या लॅबमध्ये मी नकली दातच रंगवायचे. चाळिशीच्या माणसाला पांढराशुभ्र दात बसवला तर तो दात एकटाच हसतो. त्याला चहाचा डाग लागतो, कडेला बारीक रेघ लागते, आधी कुणाचा दात आहे ते कळावं लागतं. हे ऐकून बाबा इतके खूष झाले की जिन्यावरून ओरडून आत्याला म्हणाले, "पोरगी दात म्हातारे करते! ऐकलंस का?"

"तुझे आपोआप झाले," खालून उत्तर आलं.

माझी जागा खिडकीजवळच्या स्टुलावर ठरली. मी डावखुरी. डाव्या हाताने काम करणारं माणूस उजव्या हातावर रेलतं, तशी मी पाट्याच्या कडेवर उजवा हात टेकून बसायचे. त्या हातावर, कोपरापासून चार बोटं अलीकडे, भाजल्याची खूण आहे. लॅबमध्ये मेण वितळवताना ज्योत लागली होती, लग्नाच्या आधीच्या महिन्यात. तेव्हा लालभडक होती. लग्नाच्या फोटोत मी सगळीकडे तो हात मागे घेतलेला आहे.

दहा दिवसांत चार डबे झाले. बाबांनी भिंग लावून एकेक दार बघितलं आणि हसू लागले.

"काय गं, या गाडीतून दुनिया प्रवास करते की एकच बाई?"

"का?"

"दाराच्या प्रत्येक मुठीच्या डाव्या अंगाला रंग उडालाय. उजव्या हाताच्या माणसाची बोटं उजवीकडे घासतात. तुझ्या गाडीत सगळी दारं एकाच डावखुऱ्या बाईने उघडली आहेत."

मी प्रत्येक दारासाठी माणूस ठरवला होता. एक लठ्ठ मास्तर, एक पेटी घेतलेली नर्स, एक आळशी तिकीट तपासनीस. पण हात सगळ्यांना माझाच दिला होता.

"तू कुणाला ठरवलंच नाहीस," बाबा म्हणाले. "तूच जाऊन बसलीस गाडीत. उतर आता."

चारही डब्यांच्या मुठींवर मी पुन्हा निळा रंग चढवला. कोरा. सुकायला डबे पुठ्ठ्याच्या खोक्यांखाली झाकून ठेवले आणि खाली जेवायला गेले.

३

सकाळी खोकी उचलली. तीन डबे जसेच्या तसे होते. चौथ्या डब्याच्या तिसऱ्या दाराची मूठ डाव्या अंगाला झिजलेली होती.

आधी वाटलं, हा एक राहून गेला. चुका होतात. मी डबा उजेडात धरला आणि मग मात्र खाली ठेवता येईना.

आम्ही झीज रंगवतो. आतला धातू दाखवायचा असेल तर निळ्यावर रुपेरी रंगाचा बारीक टिपका देतो, कडेला जरा काळपट पावडर चोळतो. ती झीज रंगाच्या वर असते, नखाला लागते. इथे वर काहीच नव्हतं. रंगच गेला होता. मुठीजवळ निळा पातळ होत होत संपत होता आणि खाली डब्याचं पितळ दिसत होतं, गुळगुळीत, जिन्याच्या जुन्या कठड्यासारखं. असं घासून करता येत नाही. घासलं की ओरखडे येतात.

"सुंदर," बाबा भिंगातून म्हणाले. "आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं. पण परत डावंच केलंस."

"मी नाही केलं."

"मग मी केलं?" त्यांनी दोन्ही हात माझ्यासमोर धरले. हात पानांसारखे हलत होते. आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो, आणि त्यांनीच आधी हात मागे घेतले.

आत्याला विचारलं. "मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही," ती म्हणाली. "एकदा बोगदा ओल्या फडक्याने पुसला, तर दादा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. चांगले गेले ते आठ दिवस."

मी मूठ रंगवली. दुसऱ्या दिवशी पितळ वर. पुन्हा रंगवली, या वेळी खाली अस्तराचा हात देऊन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. माझ्या हाताला घाम येत असेल. पितळाला तेल लागलं असेल. रंगाची बाटली शिळी असेल. लॅबमध्ये दाताचा रंग उडाला की आम्ही ओळीने अशी कारणं लिहायचो, आणि त्यातलं एक नेहमी बरोबर निघायचं. मी कागदावर सात कारणं लिहिली. सातही कारणांना एकाच प्रश्नाचं उत्तर देता येत नव्हतं: बाकीच्या एकतीस मुठींना ती का लागू नाहीत?

४

बाबा म्हणाले, थोडे दिवस डबे राहू दे, गवत कर. स्टेशनमागची टेकडी उघडी पडली होती. गवत म्हणजे नायलॉनचे बारीक केस. गोंद लावायचा, चाळणीतून केस पाडायचे, यंत्राने वीज दिली की ते अंगावर काटा आल्यासारखे उभे राहतात. मला ते फार आवडलं. दिवसभरात टेकडी हिरवी झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून वर आले तर गवतात पायवाट होती.

काडेपेटीच्या काडीएवढी रुंद. केस मोडलेले नव्हते, आडवे झाले होते, आणि मधोमध झडून खालचा मातकट रंग दिसत होता. फलाटाच्या टोकापासून निघून वाट टेकडी चढत होती. सरळ नव्हती. एका जागी उगाच वळसा होता, जसा रोज जाणारं माणूस चिखल चुकवायला एकदा घेतं आणि मग सवयीने घेतच राहतं. तिथे चिखल नव्हता. तिथे आदल्या दिवशी गोंदाची डबी होती. माझीच, कामाच्या वेळची.

फलाटावर तो चौथा डबा उभा होता, आणि वाट त्याच्या तिसऱ्या दारासमोर सुरू होत होती.

मी वाटेच्या दुसऱ्या टोकाकडे बघितलं. टेकडी ओलांडून ती देखाव्याच्या कडेशी आली होती, माझ्या स्टुलासमोर. तिथे गवत संपतं आणि पाट्याची लाकडी कड लागते. लग्नाच्या आधी बाबांनी त्या कडेला काळा ऑइलपेंट दिला होता. तो वीतभर जागेत उडालेला होता. लाकूड वर आलं होतं, मऊ, तेलकट, मध्ये किंचित खोलगट.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. खाली आत्या भांडी लावत होती, एकावर एक, त्यांचा आवाज येत होता. मी स्टुलावर बसले. ब्रश उचलायला डावा हात पुढे केला आणि रेलायला उजवा.

कोपर त्या खोलगट जागेत बसलं. चप्पल पायात बसते तसं.

५

बाबांना दाखवलं. त्यांनी भिंग घेतलं नाही. नुसत्या अंगठ्याने कड चाचपली, दोनदा, आणि मग अंगठा शर्टाला पुसला.

"तू किती दिवस झाले इथे बसतेस?"

"महिना."

"ही महिन्याची नाही."

"मग?"

त्यांनी पुन्हा कडेवर हात ठेवला. तीस वर्षं हात ठेवून डब्यांचं वय सांगणारा माणूस. कारखान्यात म्हणे पैजा लागायच्या.

"पंधरा," ते म्हणाले. "सोळा असेल. रोज बसणाऱ्याची."

"सासूबाई इथे बसायच्या?"

"ती? तिला या खोलीचा राग होता. आणि ती उजव्या हाताची." त्यांनी त्या जागेवर एक फडकं टाकलं. "लाकूड कधी कधी कच्चं निघतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

फडकं टाकणं हे उत्तर नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं. मी ब्रश धुवायला लागले. पाठमोरेच ते म्हणाले, "ही गाडी झाली की आणखी एक यायची आहे. सहाच डबे. तुझं एक तारखेचं अगदी नक्की आहे ना?"

"नक्की आहे, बाबा."

"हो, हो. मी सहज विचारलं. तुझ्या हाताने माझं काम जिवंत झालं, एवढंच. थांबली असतीस तर..."

त्यात काहीच वाईट नव्हतं. म्हाताऱ्या माणसाचे हात गेले होते, आणि त्याला दुसरे मिळाले होते. मला त्यांची दया आली, आणि त्याच क्षणी, का कोण जाणे, मी दाराकडे बघितलं. मधे किती अंतर आहे ते.

६

जिना लाकडी, चौदा पायऱ्यांचा. लग्नासाठी आत्याने त्याला स्वतः विटकरी रंग दिला होता, आणि त्याचा तिला अभिमान होता. महिना संपायला चार दिवस होते तेव्हा सकाळीच तिचा आवाज आला.

"नवरीबाई! काय घालून चढतेस गं? नाल ठोकलेल्या घोड्यासारखी? बघ माझ्या पायऱ्यांचं काय केलंस!"

प्रत्येक पायरीची कड झिजली होती. डावीकडे जरा जास्त.

"आत्या, मी अनवाणीच असते."

"मग पाय आहेत की कानस?"

ती बडबडत आत गेली. मी जिन्यावर बसून राहिले. बाबांनी मला डब्यांच्या पायऱ्या शिकवताना सांगितलं होतं: चढताना माणूस चवड्यावर चढतो, पायरीची बाहेरची कड जाते. उतरताना टाच टेकते, आत, उभ्या फळीजवळ. वापरातल्या जिन्याला दोन्ही खुणा हव्यात. एकच केलीस तर शौकीन लगेच पकडेल.

मी खालून वर गेले, एकेक पायरी बोटाने बघत. कड गेली होती, कड गेली होती, कड गेली होती. आत, फळीजवळ, आत्याचा विटकरी रंग कोरा होता. चौदाही पायऱ्यांवर.

मी नवऱ्याला फोन केला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं.

"तू आजच येशील का?"

"आज? अगं, मंगळवार आहे. काय झालं, आत्या बोलली का काही?"

"नाही. आत्या चांगली आहे."

"बाबा?"

"तेही." मी कठडा धरून उभी होते. "जिन्याचा रंग गेलाय."

तो हसला. "रंगासाठी रजा टाकू? एक तारखेला पहाटे निघून नऊपर्यंत येतो. सामान भरून ठेव. आणि ऐक, बाबांनी आग्रह केला तर थांबू नकोस हं, ते फार गोड बोलून थांबवतात. आई म्हणायची, या माणसाने मला एक चहा घे म्हणून थांबवलं आणि मी तीस वर्षं राहिले."

त्याला ते विनोदी वाटत होतं. एरवी मलाही वाटलं असतं.

७

मी आठवा डबा आदल्या दिवशी दुपारीच संपवला होता. एक तारखेला नऊला गाडी दारात आली, नवऱ्याने बॅगा उचलल्या, आत्याने बाटल्या, खाऊचे डबे, एक उशी आणि बरेच सल्ले भरले. मग बाबा म्हणाले, "आठव्या डब्याची खालची बाजू तेवढी बघून जा. माझ्या डोळ्यांना दिसत नाही."

नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. पाच मिनिटांचं काम होतं. मी वर गेले. चवड्यावर चढते आहे हे मला प्रत्येक पायरीवर कळत होतं.

डब्याच्या खालची बाजू बघायला मी लॅबमधला दातांचा आरसा वापरते. काडीच्या टोकाला नाण्याएवढी गोल काच. स्टुलावर बसायची इच्छा नव्हती. मी डबा घेऊन खिडकीशी उभी राहिले, देखाव्याकडे पाठ करून, आणि आरसा डब्याखाली धरला. चाकं ठीक होती. टाकीवर मी केलेला गंज ठीक होता. मी डबा उतरवला, आणि आरसा हातात तसाच राहिला, जरा तिरका.

त्यात पाट्याची कड दिसत होती. फडकं बाजूला सरकवलेलं होतं. त्या खोलगट जागेत एक हात टेकलेला होता.

उजवा हात, कोपरापासून मनगटापर्यंत. कातडी सैल होती, बाईची, पन्नाशीच्या पुढची. तो अगदी निवांत होता, जसा कामात गढलेल्या माणसाचा रिकामा हात असतो. कोपरापासून चार बोटं अलीकडे एक डाग होता, जुना, पांढरा पडलेला. दुसऱ्या हाताचा आवाज येत होता. ब्रश पाण्यात बुडवून काठावर दोनदा टेकवल्याचा. मी तसाच टेकवते.

आरसा तेवढाच होता. मनगट जरासं वळवलं असतं तर चेहरा दिसला असता. मी वळवलं नाही.

मी मागे वळले तेव्हा स्टूल रिकामं होतं. सात डबे रुळावर ओळीने, आठवा माझ्या हातात. पाण्याच्या वाटीत वर्तुळं उठून काठाकडे जात होती.

"अगं झालं का?" खालून नवरा.

मी डबा ठेवला आणि मेजावरचा काचपेपर उचलला. का ते तेव्हा मला शब्दांत सांगता आलं नसतं, हातांना मात्र ठाऊक होतं. जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर बसले आणि आत, उभ्या फळीजवळ, विटकरी रंग घासायला लागले. टाचेएवढा गोल. मग खालची पायरी. मग तिच्या खालची. मी माणूस ठरवला होता. एक बाई, घाईत, दोन्ही हात मोकळे, मागे न बघणारी.

"काय चाललंय काय!" आत्या खालून ओरडली. "दादा, तुझी सून जिना सोलतेय!"

बाबा जिन्याच्या पायथ्याशी आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या मागच्या उघड्या दाराकडे बघितलं. मला वाटलं थांबवतील. ते कठडा धरून माझ्या खालच्या पायरीपर्यंत चढले आणि त्यांनी वाकून माझी खूण बघितली.

"टाच एवढी कडेला पडत नाही," ते हळू म्हणाले. "आत घे. अजून. हं. आणि कडा एवढ्या कोरीव नकोत, अंगठ्याने मोड."

मी मोडल्या. ते एकेक पायरी मागे सरकत गेले, मी त्यांच्यामागे घासत उतरले. त्यांचे हात हलत होते, आवाज हलत नव्हता. "उजवी जरा खोल. उतरताना भार उजवीवर येतो. शाब्बास." नवरा दारात बॅग घेऊन उभा होता आणि आमच्या दोघांकडे, सासरा-सुनेकडे, आम्हाला वेड लागलं असावं तसा बघत होता.

चौदावी झाली. बाबांनी काचपेपर माझ्या हातातून घेतला.

"आता वर बघू नकोस," ते म्हणाले. "जा. मी थांब म्हणालो होतो ना, ते सोडून दे. मी म्हणालोच नव्हतो."

८

सहा महिने झाले. फ्लॅट छोटा आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. लॅबमध्ये माझं नाव झालं आहे. मुख्य तंत्रज्ञ कंजूष आहेत, त्यांना माझं फार कौतुक. "तुला दिलेला ब्रश सहा महिने चालतो, बाकीचे महिन्यात फेकतात."

घरी नवराही तेच म्हणतो. "तुझ्या हाताला काय गुण आहे गं? एक वस्तू जुनी होत नाही." आम्ही दोघांनी एकाच दिवशी घरातल्या चपला घेतल्या. त्याच्या टाचेला भोक पडायला आलं आहे. माझ्या तळव्यावरची नक्षी, बारीक चौकटी, मोजता येतात. मी दिवसभर त्याच घालून फिरते. हल्ली मुद्दाम पाय घासत फिरते.

हातावरची खूण अजून लालभडक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकी ताजी आहे, फार तर महिन्याभरापूर्वी भाजलं असेल ना? मी हो म्हणाले.

मागच्या रविवारी आत्याचा फोन आला. तिने जिना पुन्हा रंगवला. "आठ दिवस नाही टिकला, नवरीबाई. सगळ्या कडा गेल्या. तू आत घासून ठेवलं होतंस ना, तिथला रंग मात्र तस्साच आहे बघ, कोरा. दादाला म्हटलं, आता तरी चप्पल काढून चढ. तर म्हणतो, मी कुठे चढतो, माझे गुडघे गेले."

"मग बाबा काम कुठे करतात?"

"कोण जाणे. पण काम होतंय. त्या सहा डब्यांची गाडी गेलीसुद्धा, लोक पत्रं पाठवतात, हात अजून किती बारीक चालतो म्हणून. वाटीसुद्धा धरता येत नाही गं त्याला. तुझी आठवण काढतो. परवा मला म्हणाला, तिला वर चहा नेऊन दे. मी म्हटलं, दादा, अरे ती गेली की. तर माझ्याकडे असा बघायला लागला..."

"बाबांना फोन द्या."

ती त्यांना हाक मारत गेली. मी थांबले. लांबून जिना वाजल्यासारखं वाटलं, एक, दोन, तीन. मग आत्याच परत आली. "नाही येत म्हणतो. रडतोय वाटतं. तुला विचारायला सांगितलंय, टाचा नीट आत घेतल्या होत्यास ना?"

"घेतल्या होत्या," मी म्हणाले.

तेव्हापासून मी रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर उजवा हात टेकून बसते. एकाच जागी, कोपर दाबून, नवरा कामाला जाईपर्यंत. मग ती जागा उजेडात तिरकी बघते. पॉलिश चकचकीत आहे. टेबल नवं आहे, वेळ लागतो, हे मीच स्वतःला समजावते.

आज न्हाणीघरात नवऱ्याने आपला दात घासायचा ब्रश कचऱ्यात टाकला आणि नवा काढला. जुन्याचे केस चारी बाजूंना फाकले होते. "तुझाही बदल ना," तो म्हणाला, आणि माझा उचलून बघितला, आणि परत ग्लासात ठेवला.

मीही बघितला. दोघांचे ब्रश एकाच दिवशी घेतले होते. मी दोन्ही वेळा घासते, हिरड्या ठणकेपर्यंत घासते. केस सगळे सरळ उभे आहेत.